गिरगावातल्या दुकानाच्या बिलिंगसाठी इलेक्ट्रॉन घेऊ, टॉरी घेऊ की सरळ वेबवरच करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावास्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट चांगलं येतं, काकांचं गिरगावात पूजासाहित्याचं दुकान आहे, आणि गणपतीच्या आधी त्यांना मराठीत बिल देणारं सॉफ्टवेअर करून द्यायचंय. इलेक्ट्रॉन (वेबच्या तंत्राने संगणकावरचं सॉफ्टवेअर करायचा सांगाडा), टॉरी (त्याच कामाचा दुसरा सांगाडा), फ्लटर (डार्ट भाषेतला सांगाडा), पीडब्ल्यूए (ब्राउझरमध्ये चालणारं, अ‍ॅपसारखं वागणारं वेबपान) यांतलं काय घ्यावं? आणि दर दोन महिन्यांनी नवं काहीतरी येतं, तर आज शिकलेलं उद्या वाया तर जाणार नाही?

गेली बारा वर्षं मी मुंबईतल्या लहान दुकानांसाठी हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक करा. अजून काहीच निवडू नका. एक शनिवारची संध्याकाळ काकांच्या गल्ल्यामागे बसा आणि चार गोष्टी वहीत लिहून आणा: विंडोज कोणतं, रॅम किती, प्रिंटर कुठल्या वायरने जोडलाय आणि नेट कुठून येतं. तुमच्या यादीतले निम्मे पर्याय तिथेच गळतील.

विंडोज ७ निघालं तर वेगळा विचार करावा लागेल. पुष्कळ गाळ्यांत ते अजून चालू आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला. त्यावर चालणारी इलेक्ट्रॉनची शेवटची आवृत्ती २२. २३ पासून विंडोज १० लागतं. टॉरी विंडोजवर ज्या वेबव्ह्यू २ च्या (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) आधाराने चालतं, तेही विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीला थांबलं, आणि क्रोमही तिथेच. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वरचं साधं विनफॉर्म्स (विंडोजचे प्रोग्राम करायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन) त्या मशीनवर आजही निमूट चालतं, पण माझं ऐकाल तर काकांना मशीनच बदलायला सांगा. त्याच मशीनवर ते जीएसटीचं पोर्टल आणि बँक उघडत असणार. लॅमिंग्टन रोडला वापरलेलं पण चांगलं मशीन मिळतं. घेताना टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का आणि प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो का ते बघा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. कारण विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. रॅम ८ जीबी घ्या, आणि एसएसडी हवीच.

आता प्रिंटर. प्लॅटफॉर्मच्या चर्चेत याचं नावही निघत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ आजवर इथेच गेलाय.

थर्मल प्रिंटरला इंग्रजी मजकूर पाठवला की तो स्वतःच्या पोटातली अक्षरं काढून छापतो. देवनागरी बहुतेक प्रिंटरांत नसतेच. 'मिरची' लिहिताना संगणक आधी म साठवतो, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. 'उदबत्ती'तला त्ती किंवा 'अष्टगंध'मधला ष्ट घ्या. ही जुळणी फॉन्ट आणि तो फॉन्ट वाचणारं सॉफ्टवेअर मिळून करतात, प्रिंटर करत नाही. म्हणून मराठी बिल चित्र बनवूनच पाठवावं लागतं.

चित्राचा हिशोब करून बघा. ८० मिलिमीटरच्या रोलवर छपाईची रुंदी साधारण ७२ मिलिमीटर असते, आणि एका मिलिमीटरला ८ ठिपके. म्हणजे एका आडव्या रेघेत ५७६ ठिपके, दर ठिपक्याला एक बिट धरून ७२ बाइट. बिल १२ सेंटिमीटर लांब असेल तर अशा ९६० रेघा, म्हणजे ६९,१२० बाइट. यूएसबीच्या प्रिंटरला हे काहीच नाही. पण तोच प्रिंटर जुन्या सीरियल पोर्टवर ९६०० च्या वेगाने लावलेला असेल, तर सेकंदाला ९६० बाइट जातात. एका बिलाला ७२ सेकंद! तेच बिल इंग्रजी अक्षरांत पाठवलं तर दीड-दोन सेकंदांत निघतं. हरतालिकेच्या संध्याकाळी रस्त्यापर्यंत रांग लागलेली असताना ही ७२ सेकंदं काय करतील ते काकांना विचारा. वायर बघून या म्हणालो ते यासाठी.

छपाईच्या बाबतीत इलेक्ट्रॉन, टॉरी आणि ब्राउझर हे तिन्ही पर्याय अगदी वेगळे वागतात. इलेक्ट्रॉनमध्ये बिल एचटीएमएलमध्ये मांडायचं आणि डायलॉग न दाखवता छापायला सांगायचं. ती सोय तयार आहे, चित्र करायचं काम विंडोजमधला प्रिंटरचा ड्रायव्हर करतो. टॉरीत डायलॉगशिवायची छपाई मला रस्ट भाषेत लिहावी लागली, त्यात दोन आठवडे गेले. ब्राउझरमधून करायचं तर क्रोम एका खास सेटिंगने सुरू करावा लागतो, म्हणजे डायलॉग न येता छापतो. पण उद्या कुणी दुसऱ्याच आयकॉनवरून क्रोम उघडला की डायलॉग परत हजर. वेबयूएसबीने थेट प्रिंटरशी बोलता येईल असं वाटतं, पण विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर तो प्रिंटर धरून बसलेला असतो. तो काढून दुसरा घातला की बाकीच्या सॉफ्टवेअरची छपाई बंद पडते. त्या वाटेला जाऊ नका.

स्कॅनरचंही सांगून ठेवतो. बारकोडचा स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाकून झाल्यावर मराठी कीबोर्ड तसाच चालू राहिला, तर इंग्रजी अक्षरं असलेला बारकोड भलत्याच मराठी अक्षरांत उमटतो आणि वस्तू सापडत नाही. की दाबल्यावर कोणतं अक्षर आलं ते न वाचता, कीबोर्डवरची कोणती कळ दाबली गेली ते वाचा. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही वेगवेगळं मिळतं.

इलेक्ट्रॉन जड आणि टॉरी हलकं, हे तुम्ही ऐकलंच असेल. २०२३ च्या एप्रिलमध्ये लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात माझं इलेक्ट्रॉनवरचं बिलिंग चालत होतं. मशीन ४ जीबीचं. एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा मसाला करायचे दिवस. बाहेर मसाला कुटणाऱ्या डंकांचा आवाज, आत मिरचीचा ठसका, आणि दर गिऱ्हाइकाचं स्वतःचं प्रमाण. गेल्या वर्षी बेडगी किती, काश्मिरी किती, धणे किती हे सगळं नावावर जपून ठेवलेलं, साधारण सहा हजार घरांचं. मावशी काउंटरवर नाव सांगायच्या, मुलगा 'सा' टाइप करायचा, आणि पडदा दीड-दोन सेकंद गोठायचा. मग 'वं', पुन्हा तेच. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून जुनी वही काढली आणि त्यातून नावं शोधायला लागले. ते बघून मला फार लागलं.

मी दोन महिने घालून सगळं टॉरीवर नेलं. इन्स्टॉलर ९० एमबीवरून ८ एमबीवर आला. पडदा मात्र तसाच गोठत राहिला. कारण विंडोजवर वेबव्ह्यू २ म्हणजेसुद्धा क्रोमियमच (क्रोम ब्राउझरचा गाभा, इलेक्ट्रॉनही त्यावरच चालतं). तो तुमच्या इन्स्टॉलरमध्ये नसतो, विंडोजबरोबर आलेला असतो, इतकाच फरक. डिस्कवरची जागा वाचते, मेमरी आपण समजतो तेवढी वाचत नाही. दोष माझ्या कोडमध्ये होता. दर अक्षराला मी सहाच्या सहा हजार नावांची यादी नव्याने रंगवत होतो. शोध डेटाबेसकडे सोपवला, पडद्यावर मावतील तेवढीच वीस नावं मागवली, आणि त्याच ४ जीबीच्या मशीनवर नावं टाइप करता करता दिसायला लागली. हे इलेक्ट्रॉनवर राहूनही एका दुपारचं काम होतं.

तरी मी टॉरीवरच राहिलो. माझी बरीच दुकानं मालकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतात. दर अपडेटला ९० एमबी उतरवायला लावणं आणि ८ एमबी उतरवायला लावणं यात त्यांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. तुमचं एकच दुकान आहे, तुम्हाला हा प्रश्न नाही.

डेटा कुठे ठेवायचा यावर मी अजिबात तडजोड करत नाही. ब्राउझरच्या आत बिलं साठवू नका. कुणी सद्भावनेने 'हिस्टरी साफ कर' म्हणतं, साइटच्या डेटासमोरची खूणही तशीच राहते, आणि वर्षाची बिलं जातात. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरा. २००० सालापासून आहे, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो, आणि करणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा शब्द दिलाय. बिल लिहिताना वीज गेली तर अर्धवट बिल राहत नाही, एवढ्या एका गुणासाठी मी ते घेतलं असतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर वीज गेली होती तेव्हा माझ्या एकाही दुकानाची फाइल बिघडली नाही. फक्त बॅकअप घेताना चालू फाइल तशीच पेन ड्राइव्हवर ओढू नका. 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा नीट, पुरी प्रत काढून देते.

पैसे पूर्ण संख्येत, पैशांमध्ये साठवा. ₹१२.५० म्हणजे १२५०. दशांश अपूर्णांकात बेरजा केल्या की महिन्याअखेरीला सीएचा फोन येतो. जीएसटीचा दर कोडमध्ये लिहू नका. कधीपासून लागू या तारखेसह तक्त्यात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा ज्यांनी दर कोडमध्ये कोरून ठेवले होते त्यांना दुकानोदुकानी फिरावं लागलं, आणि जुनं बिल पुन्हा छापलं की त्यावर नवा दर यायला लागला.

आता शिकलेलं वाया जाण्याची तुमची काळजी. ती खरी आहे. मायक्रोसॉफ्टचं सिल्वरलाइट २००७ साली आलं तेव्हा वेबचं भविष्य म्हणून शिकवलं जायचं. १२ ऑक्टोबर २०२१ ला त्याचा सपोर्ट संपला. फ्लॅश २०२० अखेर गेलं. उलट व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं, २००८ मध्ये त्याचा सपोर्ट संपला, आणि त्यावरची बिलिंगं मी आजही चालताना बघतो. इलेक्ट्रॉनचीच गोष्ट घ्या. गिटहबने २०१३ मध्ये ते अ‍ॅटम एडिटरसाठी सुरू केलं, २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन हे नाव मिळालं. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटम बंद झाला, आणि त्याच्यासाठी बांधलेला सांगाडा व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड यांच्या खाली अजून चालू आहे. कोण टिकेल हे आधी ओळखणं मला कधीच जमलं नाही.

म्हणून मी प्रकल्पात दोन फोल्डर करतो. एकात बिलाची बेरीज, कर, सूट, साठा, बिल नंबर. त्यात ना रिअ‍ॅक्ट, ना इलेक्ट्रॉन, ना टॉरी. नुसतं टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचंच काटेकोर रूप), आणि टर्मिनलमधून चालवता येतील अशा चाचण्या. दुसऱ्यात पडदे आणि छपाई. लालबागचं काम टॉरीवर नेताना पहिल्या फोल्डरमधली एकही ओळ बदलावी लागली नाही. दोन महिने गेले ते सगळे दुसऱ्या फोल्डरवर.

फ्लटर विंडोजवर फेब्रुवारी २०२२ पासून स्थिर आहे आणि चांगलं आहे, पण डार्ट नव्याने शिकून गणपतीच्या आधी दुकान उभं करणं तुमच्यासाठी घाईचं होईल. पीडब्ल्यूए काउंटरसाठी नको. रात्री घरी बसून काकांना दिवसाची विक्री फोनवर बघायची असेल, तर त्यासाठी ते अगदी योग्य. ते दिवाळीनंतर करा.

तेव्हा विंडोज १० किंवा ११, रॅम ८ जीबी आणि यूएसबीचा प्रिंटर असेल, तर तुम्ही इलेक्ट्रॉन घ्या. तुम्हाला जे येतं तेच त्यात लागतं आणि छपाई पहिल्या आठवड्यात उभी राहील. पहिल्या दिवशी लॉगिनचं पान करत बसू नका. 'अष्टगंध, उदबत्ती, कर्पूर' अशा तीन ओळींचं बिल काकांच्याच प्रिंटरवर छापून बघा. अक्षरं नीट जुळली आणि कागद योग्य जागी कापला गेला की मग पुढचं.

प्रिंटरच्या तळाला मॉडेल नंबरची पट्टी असते. तिच्यावरचा नंबर आणि रोल ५८ चा की ८० चा, एवढं इथे खाली लिहा. ५८ चा असेल तर रेघेत ३८४ च ठिपके मिळतात आणि बिलाची मांडणी बदलावी लागते. ती कशी करायची ते मी लिहितो.