सोलापुरात चटणीवाल्यांकडे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं-सालं ढिगानं पडतात. त्यातून अँटिऑक्सिडंट काढता येतील का?

हो, येतात, पण टरफलापेक्षा, दाणे भाजून चोळल्यावर सुपातून उडते ती लाल साल धरा. तिच्यात कॅटेचिन, प्रोअँथोसायनिडिन अशी पॉलिफेनॉलं, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट रसायनं, भरपूर असतात. साल चावली की जीभ तुरट होते ती त्यांच्यामुळेच. टरफलात पॉलिफेनॉल म्हणाल तर मुख्यतः ल्युटिओलिन, बाकी सगळा चोथा. नुसत्या पाण्यात अर्क कमी उतरतो, म्हणून साल भरडून ५० ते ७० टक्के इथेनॉलात (अल्कोहोलात) कोमट ठेवून ढवळायची, गाळायची आणि कमी दाबाखाली इथेनॉल उडवून परत मिळवायचं. हे घरच्या गॅसवर करायचं काम नव्हे, इथेनॉल भडकतं. शिवाय ओल लागलेला, बुरशी धरलेला माल अजिबात नको, कारण त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष अर्कातही उतरतं.