हेमानच्या मुलांची नावे: वंशावळीत दडलेले वाक्य

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायातल्या आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांचे अर्थ ओळीने वाचले की एक भाकीत तयार होते, असे सांगितले जाते. ते खरे का? आणि हिब्रू वंशावळींतल्या कमी ओळखीच्या नावांचे अर्थ लावायचे कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. पण नावांच्या यादीत ओळ लपलेली असल्याचे एक भक्कम उदाहरण बायबलमध्येच आहे आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. ते 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात, हेमान या गायकाच्या मुलांच्या यादीत आहे.

आधी ते भाकीत पाहू. ते साधारण असे मांडतात: 'माणसाच्या नशिबी मर्त्य दुःख नेमलेले आहे, पण धन्य देव शिकवत खाली येईल, त्याचा मृत्यू हताशांना विसावा देईल.' यातले सगळेच चूक नाही. आदाम म्हणजे माणूस. शेथचा 'नेमणे, ठेवणे' या क्रियापदाशी संबंध उत्पत्ती 4:25 मध्येच जोडलेला आहे. अनोश म्हणजेही माणूस. यारेदमध्ये य-र-द, म्हणजे उतरणे, ही अक्षरे आहेत. पण केनानचे 'दुःख' हे 'किना', म्हणजे शोकगीत, या शब्दावरून ओढून आणलेले आहे. त्या नावाची जवळीक आहे ती काइनशी, आणि तिथले शब्द धातुकाम व भाला यांच्याकडे नेतात. महललेल हा सरळ षष्ठी तत्पुरुष आहे: महलल म्हणजे स्तुती, एल म्हणजे देव, मिळून 'देवाची स्तुती'. 'धन्य देव' म्हणताना समासच उलटा फिरवला आहे. ल-म-ख असा क्रियापदाचा धातू हिब्रूत नाही, त्यामुळे लामेखचे 'हताश' हे नुसते चिकटवलेले आहे. 'पण', 'येईल', 'देईल' हे सांधे तर नावांत कुठेच नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ मथुशलहचा. 'त्याचा मृत्यू आणील' हा अर्थ लोकप्रिय होण्यामागे एक बेरीज आहे. लामेख जन्मला तेव्हा मथुशलह 187 वर्षांचा, नोहा जन्मला तेव्हा लामेख 182 वर्षांचा, आणि जलप्रलय आला तेव्हा नोहा 600 वर्षांचा. बेरीज 969, म्हणजे नेमके मथुशलहचे आयुष्य. तो मेला त्याच वर्षी प्रलय आला, तेव्हा नावातच ते सांगितले असणार, असा हा तर्क. पण ही बेरीज प्रचलित हिब्रू पाठाची आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या मुख्य पाठात पहिले दोन आकडे 167 आणि 188 आहेत. त्या हिशेबाने मथुशलह प्रलयानंतरही 14 वर्षे जगतो, आणि या कोड्यावर प्राचीन काळापासून वाद झाले आहेत. शिवाय 'त्याचा मृत्यू' याला हिब्रूत 'मोथो' म्हणावे लागेल, आणि तो शब्द या नावात नाही. 'मथु' हा पुरुषवाचक जुना शब्द: अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेत 'मुतु', हिब्रूत अनेकवचनी 'मथीम'. उत्पत्ती 4:18 मधल्या मथुशाएलमध्येही तोच आहे. शेलह म्हणजे फेकून मारायचे शस्त्र. तेव्हा 'शस्त्रधारी पुरुष' हा अर्थ व्याकरणाला धरून आहे.

ग्रंथात दिलेली फोडही जपून घ्यावी लागते. पहिला इतिहास 4:9 मध्ये याबेसची आई म्हणते की मी याला क्लेशात जन्म दिला. क्लेश म्हणजे 'ओसेब', अक्षरे ऐन-त्सादे-बेथ. याबेसमध्ये मात्र क्रम ऐन-बेथ-त्सादे असा आहे, शेवटची दोन अक्षरे अदलाबदल झालेली. नोहाचेही तसेच. नाव 'विसावणे' या अर्थाच्या धातूचे, पण उत्पत्ती 5:29 मध्ये बाप ते 'सांत्वन करणे' या दुसऱ्याच धातूशी जोडतो. हे श्लेष आहेत आणि श्लेष म्हणून ते सुंदर आहेत; व्युत्पत्ती म्हणून ते कोशात उतरवले की घोळ होतो.

दुसरी अडचण आपल्या लिपीची. मराठी बायबलमधल्या स्पेलिंगवरून धातू शोधू नये. 'हनोख' आणि 'हेमान' दोन्ही आपण ह ने लिहितो, पण पहिल्यात 'हेथ' हे अक्षर आहे आणि दुसऱ्यात 'हे' नावाचे वेगळे अक्षर. 'आदाम'चा आलेफ आणि 'एबर'चा ऐन देवनागरीत नुसते स्वर होऊन जातात. याबेसच्या 'स'मागे त्सादे आहे हे तर दिसतही नाही. म्हणून आधी मूळ हिब्रू व्यंजने उतरवून घ्यावीत आणि स्वरांवर फार विसंबू नये, कारण स्वरचिन्हे मूळ लिखाणानंतर कित्येक शतकांनी लावलेली आहेत. मग देवाचा अंश वेगळा काढावा: शेवटी एल, या(ह) किंवा याहू, सुरुवातीला एल, यो किंवा यहो (एल सोडून बाकी सगळी यहोवा या देवनावाची लघुरूपे). हा अंश गळूही शकतो, आणि त्याचे उदाहरण मुंबईतच आहे. 1796 मध्ये इथे बेने इस्रायलींचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. शमुएल आणि यहेज्केल या दोन्ही नावांतला 'एल' गेला आणि त्या जागी आपला 'जी' बसला.

उरलेल्या भागात क्रियापद असेल तर त्याचा पुरुष पाहायचा. हिब्रू नावात ते बहुधा तृतीय पुरुषी असते: एलनाथान, 'एलने दिले'. आता हेमानकडे येऊ.

हेमान हा यरुशलेमच्या मंदिरातल्या गायकांच्या तीन प्रमुखांपैकी एक; दुसरे दोन आसाफ आणि यदूथून. पहिला इतिहास 25:4 मध्ये त्याचे चौदा मुलगे दिले आहेत. पहिले पाच बुक्कीया, मत्तन्या, उज्जिएल, शबुएल, यरीमोथ, आणि त्यांत खटकण्यासारखे काही नाही. पुढचे नऊ असे: हनन्या, हनानी, अलियाथा, गिद्दल्ती, रोममती-एजर, याश्बकाशा, मल्लोथी, होथीर, महजियोथ. पहिली दोन नावे इतरत्रही आढळतात. उरलेली सात या अध्यायाबाहेर बायबलमध्ये कुठेच नाहीत.

गिद्दल्ती आणि रोममती यांचा शेवटचा 'ती' हा प्रथम पुरुषी भूतकाळाचा प्रत्यय आहे: 'मी थोरवी गाइली', 'मी उंचावले'. 'मी' म्हणणारे नाव मुळातच दुर्मीळ, आणि इथे मल्लोथी ('मी बोललो') धरून तीन आहेत. स्वर थोडे हलवून नऊ नावे सलग वाचली तर 'होन्नेनी याह, होन्नेनी, एली अत्ता' अशी सुरुवात होते. मराठीत ती ओळ अशी होईल:

कृपा कर, याह, कृपा कर. माझा देव तूच आहेस. मी थोरवी गाइली, साहाय्यकर्त्याला उंचावले. कष्टात बसून मी बोललो: दर्शने भरपूर दे.

ही भाषा स्तोत्रांचीच आहे. 'कृपा कर, देवा, कृपा कर' हे स्तोत्र 57 च्या आरंभी आहे. स्तोत्र 118:28 मध्ये 'माझा देव तूच' आणि 'उंचावीन' हे एकाच वचनात येतात. आणखी एक खूण मला फार मोलाची वाटते. या चौदा नावांच्या मध्ये 'व', म्हणजे 'आणि', हिब्रूत फक्त दोनदा येतो. एक यरीमोथच्या आधी, जिथे साध्या नावांचा गट संपतो. दुसरा रोममतीच्या आधी: 'गिद्दल्ती व-रोममती', 'थोरवी गाइली आणि उंचावले'. यादी म्हणून तिथे 'आणि'ला काही काम नाही, वाक्य म्हणून आहे. शेवटचा शब्द महजियोथ, 'दर्शने', हा ह-ज-ह, म्हणजे पाहणे, या धातूचा; आणि लगेच पुढच्या वचनात हेमानला त्याच धातूने 'राजाचा होजे', राजाचा द्रष्टा, म्हटले आहे.

पुढे त्याच अध्यायात गायकांच्या 24 पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात. पाळी 16 पासून क्रम असा: हनन्या, याश्बकाशा, हनानी, मल्लोथी, अलियाथा, होथीर, गिद्दल्ती, महजियोथ, रोममती-एजर. नीट पाहा: नऊपैकी पहिली पाच आणि शेवटची चार नावे आपापला क्रम न सोडता एकाआड एक गुंफली आहेत. म्हणजे पाळ्यांची यादी रचणाऱ्यासमोर चौथ्या वचनाचा क्रम होता.

आसाफचे 4, यदूथूनचे 6 आणि हेमानचे 14 मिळून 24 होतात, प्रत्येकी 12 गायक धरून 288. नऊ नावे वगळली तर 15च उरतात. ओळ आधी होती आणि पाळ्या पुऱ्या करताना तिच्या शब्दांची नावे झाली, असे माझे मत आहे. दुसरा पक्ष म्हणतो की ही वेगवेगळ्या स्तोत्रांची सुरुवातीची पदे आहेत, आपण अभंग पहिल्या शब्दांवरून ओळखतो तशी, आणि ते ते स्तोत्र गाणाऱ्या गटाला ते नाव पडले. हे अशक्य नाही. पण नऊपैकी पहिल्या पाच नावांचा अर्थ इतका सलग लागतो की ते तुकडे स्वतंत्र मानणे मला जड जाते. उत्तरार्ध तेवढा पक्का नाही. याश्बकाशा 'योशेब काशा' (कष्टात बसलेला) असे न तोडता त्यात 'बक्काशा', म्हणजे विनंती, वाचता येते. होथीरचा 'दे' असा आज्ञार्थ करायला स्वर बदलावा लागतो.

नावांच्या कोशांत याश्बकाशासमोर 'कठीण आसन' असा अर्थ सापडतो तो याच फोडीतून आलेला आहे. एकट्या नावाचा अर्थ म्हणून तो देऊ नये. तिथे '1 इतिहास 25:4 मधल्या प्रार्थनेच्या ओळीचा तुकडा' अशी नोंद करावी आणि पुढे दोन्ही फोडी द्याव्यात.