मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये दर वेळी निराशा का होते आणि काय मागवावं

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: टेक्ससमधल्या तुमच्या गावात एक साधंसं, कुटुंबांनी भरलेलं मेक्सिकन रेस्टॉरंट आहे. दर वेळी कॉम्बिनेशन प्लेट मागवता आणि दर वेळी एंचिलाडाचा (सारण भरून गुंडाळलेली पोळी, वर सॉस) लगदा, भात गिचका, बीन्स सपक, सगळ्याची चव एकसारखी. शिवाय घरात दोघं शाकाहारी. हे रेस्टॉरंट सोडून द्यावं का?

इतक्यात सोडू नका. तक्रार खरी आहे, पण ती बहुतेक कॉम्बिनेशन प्लेटची आहे. मेनूवर क्रमांक घालून दिलेली ही ताटं ऑर्डर आल्यावर शिजत नाहीत, जुळवली जातात. भात, बीन्स, लाल सॉस, खिमा हे सगळं आधीच शिजवून वाफेवर गरम ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यांत असतं. अमेरिकेतल्या फूड कोडप्रमाणे गरम ठेवलेलं अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या (१३५ फॅरनहाइट) खाली जाऊ द्यायचं नसतं. तो नियम आरोग्यासाठी आहे, चवीशी त्याचा संबंध नाही. तीन तास वाफेत बसलेला भात पाणी पीत राहतो आणि फुटतो, बीन्स घट्ट होतात, मग त्यांत पाणी ओतून ते सैल केले जातात आणि मीठ-मसाला पातळ होतो. ऑर्डर आली की हे सगळं एका ताटलीत, वर सॉस, वर पिवळं चीज, आणि ताटली सरळ ओव्हनमध्ये किंवा वरून आच देणाऱ्या सालामँडरखाली. म्हणून वाढणारा ‘प्लेट गरम आहे, हात लावू नका’ असं बजावतो आणि तरीही गुंडाळीच्या पोटात अन्न गारच निघतं.

लगद्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मक्याची टॉर्टिया, म्हणजे एंचिलाडाची पातळ पोळी, सॉसमध्ये घालण्याआधी गरम तेलातून काढावी लागते, एका बाजूला आठ-दहा सेकंद, मग दुसऱ्या बाजूला. कुरकुरीत करायची नाही, फक्त मऊ आणि तेलकट करायची. या तेलाच्या पापुद्र्यामुळे सॉस आत झिरपायला वेळ लागतो आणि गुंडाळताना टॉर्टिया चिरत नाही. गर्दीच्या वेळी हीच पायरी गळते. टॉर्टिया मायक्रोवेव्हमध्ये किंवा वाफेवर मऊ करतात, भरतात, ट्रेमध्ये रचून ठेवतात. वर सॉस पडला की दहा मिनिटांत तिचा चिखल होतो. टॉर्टिया मैद्याची असेल तर चिखलाऐवजी खळ होते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: एंचिलाडा मक्याच्या टॉर्टियात करता की मैद्याच्या? मैद्याच्या असतील तर त्या दिवशी एंचिलाडा नको.

चव एकसारखी लागते कारण सॉस खरोखर एकच असतो. टेक्ससची चिली ग्रेव्ही म्हणजे तेलात किंवा चरबीत परतलेला मैदा, चिली पावडर (मिरची आणि मसाल्यांचं मिश्रण), भरपूर जिरं, लसूण आणि पाणी किंवा स्टॉक. तयार चिली पावडर टेक्ससमध्येच, न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेभार्ट यांनी १८९०च्या दशकात विकायला काढली, त्यामुळे ही ग्रेव्ही नकली वगैरे अजिबात नाही. चीज आणि कच्चा कांदा भरलेल्या एंचिलाडावर ती ताजी, वाहती असेल तर फार सुंदर लागते. पण तीच ग्रेव्ही बरिटोवर (मैद्याच्या टॉर्टियाची भरलेली गुंडाळी), तमालेवर (पानात उकडलेलं मक्याचं पीठ), एंचिलाडावर सगळीकडे ओतली, वर तेच चीज वितळवलं, की जिरं आणि मीठ यांपलीकडे जिभेला काही कळत नाही. एका ताटात लाल सॉसचा एकच पदार्थ घ्या. दुसरा हिरव्या सॉसचा, म्हणजे तोमातियो (टोमॅटोसारखं दिसणारं आंबट हिरवं फळ) आणि हिरव्या मिरचीचा घ्या. त्याची आंबट चव चीजचा जडपणा कापते.

त्या स्वयंपाकघरात ऑर्डरीनंतर शिजणाऱ्या गोष्टी निवडा. मक्याच्या टॉर्टियातले, वर फक्त कांदा-कोथिंबीर आणि लिंबू असलेले टाको. फहिता, म्हणजे मोठ्या आचेवर भाजलेले मांसाचे आणि भाज्यांचे काप. तव्यावर भाजलेली केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली टॉर्टिया. मेनूवर ‘एचास आ मानो’, म्हणजे हाताने केलेल्या टॉर्टिया, असं लिहिलं असेल किंवा कुणी टॉर्टिया थापताना दिसत असेल, तर त्या आधी मागवा. चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवलेल्या मक्याचा खमंग वास यायला हवा आणि घडी घातल्यावर कडेला भेग पडायला नको. भेग पडली तर ती शिळी आहे किंवा नीट गरम केलेली नाही. परत करून गरम मागायला संकोच करू नका.

फहिताच्या चर्र आवाजाला मात्र ताजेपणाचा पुरावा समजू नका. बिडाची ताटली वेगळी तापवलेली असते आणि टेबलावर आणताना तिच्यावर पाणी किंवा लोणी पडतं, म्हणून ती वाजते. मांस कसं कापलंय ते पाहा. ह्यूस्टनमध्ये निन्फा लॉरेन्झो यांनी १९७३ साली सुरू केलेल्या रेस्टॉरंटमुळे हा पदार्थ गाजला, तो स्कर्ट स्टेक या गोमांसाच्या लांबट, पातळ तुकड्यावर. त्या मांसाचे तंतू लांब असतात आणि आडवे कापले नाहीत तर चावता चावता जबडा दुखतो. भाज्यांना डाग पडलेले हवेत. पाणी सुटलेलं दिसलं तर तवा गार होता किंवा एकदम फार भाजी टाकली होती.

नाचोजचा ढीग नकोच. मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रासच्या इग्नासिओ आनाया यांनी १९४०च्या दशकात केलेल्या मूळ पदार्थात तळलेल्या टॉर्टियाच्या प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र चीज आणि एक हालापेन्योची चकती होती. ढिगात वरच्या थराला चीज मिळतं आणि तळाला ओल. एका थरात लावून द्या म्हटलं तर बरीच ठिकाणं देतात.

शाकाहारी मंडळींनी केवळ ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. रेफ्राइड बीन्समध्ये (शिजवून घोटलेल्या, परतलेल्या बीन्समध्ये) डुकराची चरबी असू शकते, तिला मांतेका म्हणतात. लाल भात बहुधा चिकन स्टॉकमध्ये किंवा त्याच्या पावडरीत शिजतो. काही ठिकाणी एंचिलाडाच्या सॉसलाही तोच स्टॉक असतो. चिप्स कधी कधी मांसाचे पदार्थ तळलेल्या तेलात तळलेले असतात. म्हणून नेमकं विचारा: बीन्समध्ये मांतेका आहे का, भातात काल्दो दे पोयो (चिकन स्टॉक) आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का? साध्या उकडलेल्या काळ्या बीन्स मिळत असतील तर त्या बऱ्या, पण त्यांच्याही भांड्यात बेकन पडलं नाही ना, हे विचारून घ्या. भाजलेल्या मिरचीचं भरलेलं रूप, चिली रेयेनो, चीजचं असतं तेव्हा छान पर्याय आहे, फक्त वरचं आवरण अंड्याचं असतं आणि सॉस बाजूला मागवला नाही तर तेही भिजून लोळागोळा होतं.

घरी करून पाहायचं असेल तर बारा टॉर्टियांना आठ ग्वाहियो आणि दोन आंचो या सुक्या मेक्सिकन मिरच्या पुरतात. बिया काढून तव्यावर प्रत्येक बाजू वीस-तीस सेकंद शेका. काळी पडली की सॉस कडू होतो आणि मग साखरेनेही सुधारत नाही. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, दोन लसूण पाकळ्या, पाव कांदा, पाव चमचा जिरं, मीठ घालून वाटा, गाळा, आणि दोन मोठे चमचे तेलात आठ-दहा मिनिटं परता. हे परतणं टाळलं तर सॉस कच्चट लागतो. ग्वाहियो नसेल तर बेडगीने रंग आणि सौम्य तिखटपणा येतो, पण फळासारखी आंबूस गोडी येत नाही. ती थोडीशी एका टोमॅटोने भरून काढता येते. टॉर्टिया तेलातून काढा, सॉसमध्ये बुडवा, भरा, लगेच वाढा. ओव्हनमध्ये घालायच्याच असतील तर १९० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

पार्सल नेताना एंचिलाडा आणि चिमिचांगा (तळलेला बरिटो) दोन्ही टाळा, बंद डब्याच्या वाफेत ते टिकत नाहीत. बरिटो टिकतो. टाको न्यायचे असतील तर सारण, टॉर्टिया आणि साल्सा वेगवेगळे बांधून मागा, आणि टॉर्टिया घरी कोरड्या तव्यावर एकेक करून गरम करा.