वाचक विचारतात: नाण्यावरचा हा कॉन्स्टँटियस कोण?

प्रश्न: नमस्कार. आत्तेभावाने लंडनहून माझ्यासाठी ब्राँझचं एक छोटं रोमन नाणं आणलंय. एका बाजूला डोकं आणि कडेने 'डी एन कॉन्स्टँटियस', पुढचं नीट दिसत नाही. मागे एक सैनिक कुणाला तरी भाला मारतोय. कॉन्स्टँटिनोपल वसवणारा तो हाच का? आणि चिंचेने घासलं तर चालेल का?

उत्तर: आधी चिंचेचं, अजिबात लावू नका! तो हिरवट-काळा थर मळ नाहीये, धातूवर शेकडो वर्षांत तयार झालेली पाटिना आहे आणि कित्येकदा अक्षरं त्या थरातच टिकलेली असतात, आंबट लागलं की थराबरोबर अक्षरंही गेली. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मग लाकडी टूथपिकने अगदी हळू काढा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र धातू आतून खराब होतोय, ते नाणं वेगळं आणि कोरडं ठेवा.

आता नाव. कॉन्स्टँटिनोपल वसवणाऱ्याचं नाव कॉन्स्टँटिनस, तुमच्याकडचा कॉन्स्टँटियस, म्हणजे बहुतेक त्याचा मुलगा दुसरा कॉन्स्टँटियस, राज्य ३३७ ते ३६१. बहुतेक अशासाठी म्हणतोय की त्याचा चुलतभाऊ गॅलस, ३५१ ते ३५४ मधला सीझर म्हणजे सम्राटाच्या हाताखालचा उपसम्राट, त्याच्याही नाण्यावर कॉन्स्टँटियसच लिहितात. म्हणून जे दिसत नाहीये तेच महत्त्वाचं, शेवटी 'पी एफ ए व्ही जी' असेल तर सम्राट, 'एन ओ बी' असं काही असेल तर गॅलस. अक्षरं पुसलेली असली तर डोकं बघा, सम्राटाला मोत्यांची पट्टी असते, गॅलसचं डोकं उघडं.

मागच्या बाजूला कडेने बहुधा 'फेल टेम्प रेपाराटिओ' असेल, म्हणजे सुखाचे दिवस परत आले, आणि भाला खाणारा तो घोड्यावरून पडलेला शत्रू. रोमला ११०० वर्षं झाली त्या सुमाराला, ३४८ च्या आसपास, ही नाणी सुरू झाली. तेव्हा पूर्वेला इराणच्या दुसऱ्या शापूरशी वर्षानुवर्षं लढाई चालू होती, मला तर हे चित्र आणि ते वाक्य एकत्र बघितलं की त्या माणसांना किती धीर हवा होता तेच दिसतं.

सैनिकाच्या पायाखालची रेघ आणि तिच्याखालची बारीक अक्षरं जरूर वाचा, टांकसाळ तिथे कळते. 'ए एल ई' म्हणजे अलेक्झांड्रिया, 'ए एन' अँटिओक, 'एस आय एस' म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. टॉर्च बाजूने तिरका धरून मोबाइलवर फोटो काढा, समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. तो फोटो आम्हाला पाठवा.