रात्री तीन वाजता देव कुठे असतो?

ताई, सलाम. माझं माहेर नगरचं. नवऱ्याची बदली झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही इंदूरला आलो. ते पिथमपूरला कारखान्यात आहेत, एक आठवडाआड रात्रपाळी असते. त्या आठवड्यात घरी मी आणि पाच वर्षांचा मुलगा, दोघंच. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, कान दाराकडे लागतात. प्रार्थना करते, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. नगरला चर्चमध्ये पाऊल ठेवलं की देव जवळ वाटायचा. इथली उपासना हिंदीत. शब्द कळतात, आत उतरत नाहीत. प्रार्थना सभेत एका बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "विश्वास असेल तर भीती राहतच नाही." देव मला सोडून गेलाय का?
— न., इंदूर

प्रिय न.,

आधी त्या बाईंच्या वाक्याचं बघू. तीन वाजता तुमच्या छातीवर भीतीइतकंच ते वाक्यही बसलेलं दिसतंय.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २८ वा अध्याय काढा. मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे, हे येशूचं विसावं वचन आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. सतराव्यावर मात्र कोणी थांबत नाही. डोंगरावर जमलेल्यांपैकी काहींना शंका वाटली, असं तिथे सरळ लिहिलं आहे. येशूने त्यांना वेगळं काढलं नाही. अभिवचन शंका घेणाऱ्यांनाही मिळालं. यहोशवाच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात देव यहोशवाला 'खंबीर हो' हे तीनदा सांगतो, सहाव्या, सातव्या आणि नवव्या वचनात. जो घाबरलेलाच नाही त्याला एवढ्या वेळा कशाला सांगेल? आणि नवव्या वचनात भिऊ नकोस म्हणताना कारण एकच दिलंय: तू जाशील तिथे मी बरोबर आहे. भीती संपल्यावर मी येईन, असं तिथे नाही. त्या बाईंशी वाद घालू नका, पण त्यांचं माप स्वतःला लावूही नका.

आता तुमचा खरा प्रश्न. नगरला जे वाटायचं त्यात देवाबरोबर इतरही पुष्कळ काही होतं: ओळखीचा बाक, आईचा आवाज, मराठी गीतं, ज्यांनी तुम्हाला लहानपणी पाहिलं ती माणसं. ते सगळं एका झटक्यात सुटलं. त्याची हुरहुर लागणं साहजिक आहे, पण ती हुरहुर आणि देव दूर जाणं यांची गाठ मारू नका. याकोब घर सोडून निघाला आणि उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला. जाग आल्यावर तो म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि हे मला ठाऊकच नव्हतं (उत्पत्ती २८:१६). ठाऊक नसतानाही तो तिथे होता.

स्तोत्र २३ तुम्हाला पाठ असेलच. एकदा सावकाश म्हणा आणि सर्वनामांकडे लक्ष द्या. पहिल्या तीन वचनांत 'तो' आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. म्हणजे देवाविषयी बोलणं चाललंय. चौथ्या वचनात अंधारी दरी आली की 'तो'चा 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात देवाबद्दल बोललं तरी चालतं, दरीत थेट देवाशी बोलावं लागतं. तिथे दरी टळत नाही, शत्रूही पाचव्या वचनात समोरच असतात. बदलतं ते एवढंच की बोलणं समोरासमोर होतं. तुमची तीन वाजताची प्रार्थनाही तशीच असू द्या. लांबलचक नको, 'तू' म्हणून.

कसं करायचं ते सांगते. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर स्वतःच्या हाताने स्तोत्र २३ चं चौथं वचन मराठीत लिहा आणि उशीजवळ ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, घंटी चालू. म्हणजे पिथमपूरहून फोन आलाच तर ऐकू येईल, पण वचन शोधायला म्हणून हातात घेतलेला मोबाइल अर्धा तास खाणार नाही. झोपण्यापूर्वी कडी-कुलूप एकदाच तपासा आणि मोठ्याने म्हणा, "दार लावलं." जाग आली की उठून बसा, पाय फरशीवर टेकवा. चार अंक मोजत श्वास आत घ्या आणि मनात म्हणा, "तू माझ्याबरोबर". सहा अंक मोजत सोडा, "आहेस". असं दहा वेळा. दोन मिनिटंही लागत नाहीत. लांब उच्छ्वासाने धडधड उतरू लागते. शरीरच तसं घडलेलं आहे, त्यात गूढ काही नाही. मग काय वाटतंय ते देवाला एका वाक्यात सांगा, उदाहरणार्थ, "मला दाराची भीती वाटतेय." अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळू नका. खुर्चीत बसून मंद दिव्यात स्तोत्र १३९ ची ७ ते १२ वचनं पुटपुटत वाचा, डोळे जड झाले की परत आडवं व्हा.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, चौथ्याच श्वासाला माणूस तपासू लागतो: वाटलं का काही? तपासलं की धडधड परत चढते. काही वाटलं नाही तरी दहा पूर्ण करा. दुसरी, डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचा निरोप मानायचं. विलापगीतावर बोट पडलं तर रात्र गेलीच. देव संकटातून राखील असं सांगणाऱ्या स्तोत्र ९१ चा विम्याच्या पॉलिसीसारखा वापरही टाळा. मत्तय ४:६ मध्ये सैतान येशूसमोर नेमकं तेच स्तोत्र ठेवतो, हे विसरू नका.

संध्याकाळच्या चहाला चारनंतर सुट्टी द्या. एलीया संदेष्टा खचून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). म्हणून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा दिवसाही धडधड होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. गोळी घेतली म्हणजे विश्वास उणा पडला, असं कोणी म्हणालंच तर एलीयाची भाकर आठवा.

हिंदीचं म्हणाल, तर 'यहोवा मेरा चरवाहा है' हे स्तोत्र २३ ऐकताना परका वाटणारा शब्द यहोवा. मूळ हिब्रूत देवाचं चार अक्षरी नाव आहे, तेच आपल्याकडे परमेश्वर झालं आणि तिकडे यहोवा. घरी मराठी बायबल सोडू नका, पण हे एक स्तोत्र हिंदीतही पाठ करा. रविवारी पाय ठेवायला एक ओळखीची पायरी होईल. चर्चच्या पाळकांना एकदा घरी बोलवा, रात्रपाळीचा आठवडा कोणता ते सांगा आणि त्या आठवड्यात रात्री नऊला फोन करू शकेल अशी मंडळीतली एक बाई मागून घ्या. मागायला संकोच वाटेल, तरी मागा.

नवरा कंपनीच्या बससाठी निघण्यापूर्वी तिघांनी मिळून स्तोत्र १२१ वाचा. आठच वचनं, मिनिटभराचं काम. राखणारा झोपत नाही हे चौथ्या वचनात आहे, आणि जाणं-येणं सांभाळेल हे आठव्यात, म्हणजे कंपनीच्या बसचंही त्यात आलं. शेवटचं वचन मुलाला म्हणू द्या.

आणि ते कार्ड मोठ्या अक्षरांत लिहा. मंद दिव्यात बारीक अक्षर लागत नाही.

— ताई