ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या) किचन काउंटरचं लॅमिनेट कडेने सुटतंय, परत चिकटवता येईल का?

येईल, पण आधी खालचं बोर्ड तपासा. सुटलेल्या जागी नखाने दाबून बघा, भुसा निघत असेल किंवा बोर्ड फुगलेलं असेल तर ग्लू लावून काही उपयोग नाही, फुगलेलं पार्टिकल बोर्ड वाळलं तरी परत बसत नाही, तेवढा तुकडा बदलावाच लागतो.

बोर्ड कोरडं आणि कडक असेल तर काम सोपं आहे. हेअर ड्रायरने लॅमिनेट जरा गरम करा म्हणजे उचलताना तडकणार नाही, आतला जुना ग्लू खरवडून काढा, मग कॉन्टॅक्ट सिमेंट (हा एक ग्लूच, बांधकामाचं सिमेंट नव्हे) दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि फट उघडी राहावी म्हणून मध्ये काड्या अडकवून ठेवायच्या. लगेच दाबू नका!! लोक इथेच घाई करतात. १५-२० मिनिटांनी बोटाला चिकटेनासं झालं की काड्या काढा आणि आतून कडेकडे दाबत या, एकदा टेकलं की सरकवता येत नाही. रोलर नसेल तर लाटणं चालतं.

या ग्लूची वाफ पेट घेते आणि ट्रेलरमध्ये जागा एवढीशी, त्यामुळे गॅस बंद, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत पण बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या.

आणि सिंकजवळ सुटलं असेल तर पाणी कुठून शिरतंय ते आधी शोधा, जुनं सिलिकॉन काढून नवीन भरा, नाहीतर परत सुटणारच. उन्हात बंद ट्रेलर तापला की ग्लू मऊ पडतो हे पण एक कारण असतं.