सचिवपदाला हो म्हणण्याआधी

अंबाजोगाई

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या त्या संस्थेने तुला सचिव व्हायला सांगितलंय, हे वाचून आनंद झाला. पण 'विशेष काही काम नसतं, अधूनमधून सही लागते' असं अध्यक्ष म्हणाले, ते वाचून लगेच लिहायला बसलो. आपल्याकडे हे वाक्य फार प्रेमाने म्हटलं जातं. त्यावर जाऊ नकोस. सही हेच ते काम आहे.

आपल्याकडच्या बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. म्हणून कार्यकारिणीवर बसलेला माणूस कायद्याच्या लेखी विश्वस्त ठरतो. संस्थापकाने स्वतःची जमीन विकून वसतिगृह उभं केलं असेल, त्यांच्याबद्दल माझ्याही मनात आदर आहे. तरी आता ती मालमत्ता त्यांची नाही, तुझी नाही, मुलांसाठीची आहे.

सर्वांत आधी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा उतारा काढ, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची सरकारी नोंद. लेटरहेडवर कुणाची नावं आहेत ते राहू दे, उताऱ्यावर कुणाची आहेत ते बघ. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, नवी जागा घेतली, तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. गावोगावच्या संस्थांत हे वर्षानुवर्षं राहून जातं. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं तशीच, आणि कारभार भलतेच लोक बघतायत. सगळं गोडीत असेपर्यंत कुणाला काही वाटत नाही. मग बँक सह्या बदलून देत नाही, सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्या, कागद मागतात आणि थांबतात, दोन गट पडले की दोघंही आपापली यादी घेऊन धर्मादायच्या दारात उभे. जुने बदल अर्ज प्रलंबित, त्यांच्यावर नवे अवलंबून. मी जवळून पाहिलेल्या संस्थांच्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा इथेच होतं. तुझी नेमणूक झाली की तुझाही बदल अर्ज जातो का, ते स्वतः बघ.

मग प्रोसिडिंग, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्ताची वही, मागून वाच. घरोघर वही फिरवून गोळा केलेल्या सह्या म्हणजे बैठक नव्हे. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, असेल तितक्या दिवसांची नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती, सूचक, अनुमोदक, आणि झालेली चर्चा जशीच्या तशी. एखादा ठराव पटला नाही तर 'माझा विरोध नोंदवा' असं म्हण आणि तो लिहिला गेल्याशिवाय उठू नकोस. वयाने मोठ्या माणसांपुढे हे जड जातं, मला माहीत आहे. पण पुढे चौकशी लागली तर तू काय बोललीस ते कुणी विचारणार नाही, वहीत काय आहे ते वाचलं जाईल. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या ठरावावर सही कधीच करू नकोस, अध्यक्ष वडिलांच्या जागी असले तरी.

पैशाचं एक सांगतो, कारण ते चांगल्या हेतूने घडतं. अनुदान लांबतं, स्वयंपाकीणबाईंचे पगार थकतात, मग अध्यक्ष हातउसने आणून भागवतात. सगळे त्यांचे आभार मानतात. पण धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्ताला संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही, हे कलम ३६अ मध्ये स्पष्ट आहे. उपाय एकच: चांगल्या वर्षात थोडी राखीव रक्कम बाजूला ठेवायची आणि दर बैठकीत शिल्लक वाचून दाखवायची. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायला कलम ३६ खाली तशीच परवानगी लागते. बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायलाही.

वसतिगृहाची जागा कुणी शब्दावर दिली असेल तर जास्तच जप. दाता देवमाणूस असतो, पण सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहतं आणि पुढे वारस येतात. स्थावराचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होतं. आपल्या मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे: निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनामांच्या जमिनी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, दिसला तर तिथेच थांब, आधी महसूल खात्याच्या परवानगीचं काय ते विचार.

विश्वस्ताच्या भावाचा टँकर, मेहुण्याचा जेसीबी, पुतण्याचं किराणा दुकान संस्थेच्या कामाला लागतं. लहान गावात दुसरं कुणी नसतं हेही खरं. पण त्या विश्वस्ताने नातं आधी सांगावं, तीन दरपत्रकं यावीत, आणि त्या विषयावर त्याने मत देऊ नये. एवढं पाळलं तर माणसंही तुटत नाहीत.

३१ मार्चला हिशेब बंद होतो, मग ऑडिट. ऑडिटरचा अहवाल शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाच, नुसता ताळेबंद बघू नकोस. रोखीने २,००० रुपयांहून जास्त देणगी घेतली तर देणगीदाराला त्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हे गावातल्या दात्यांना आधीच सांगा. परदेशातून कुणी पैसे पाठवतो म्हणाला तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, मग तो अमेरिकेतला आपलाच गाववाला का असेना, त्याने तिथलं नागरिकत्व घेतलेलं असलं तर.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तिथे मुलं राहतात. आईबाप दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात आणि महिनोन्‌महिने परत येत नाहीत. एखाद्या मुलीने काही सांगितलं, कुणाचं नाव घेतलं, तर 'संस्थेची बदनामी होईल, आपण आपसात बघू' असं म्हणणारं कुणीतरी कार्यकारिणीत असेलच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बैठक बोलावून ठराव होईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते. ती कागदावर आहे की खरी, हे स्वयंपाकीणबाईंना विचार. त्यांना समितीतल्या एकीचं तरी नाव सांगता यायला हवं.

पुढच्या आठवड्यात संस्थेत जाशील तेव्हा शेड्यूल एक, संस्थेची घटना, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि प्रोसिडिंग मागून घे. आनंदाने दिलं तर सगळं घेऊन माझ्याकडे ये, आपण बसून वाचू. 'आधी सही करा, कागद मग दाखवू' म्हणाले तर नम्रपणे नाही सांग आणि मुलांना शिकवायला मात्र जात राहा.

तुझा,
काका